नळीचे किटण आणि काडतुसाचे वंगण

बंदुकीचा नेम हा नेमबाजाच्या दृष्टीवर आणि हाताच्या स्थैर्यावर अवलंबून असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. दृष्टी कितीही तीक्ष्ण असली, तरी ज्या नळीतून गोळी सुटते ती सरळ, गुळगुळीत आणि स्वच्छ नसेल, तर गोळी भलतीकडेच जाते. नळी स्वच्छ कशी राहील, हा प्रश्न वरवर पाहता शस्त्रागारातील कारागिराचा. परंतु आपल्या देशाच्या इतिहासात त्याला एकदा फार मोठे स्थान प्राप्त झाले. १८५७ सालच्या काडतुसांना चरबी मुळात का लावली जात होती, याचे उत्तर याच प्रश्नात सापडते.

अठराव्या शतकातील पायदळाच्या बंदुकीची नळी आतून सपाट असे. दारू जळून नळीत किटण साचले तरी गोळी ठासता यावी, म्हणून ती नळीच्या मापाहून थोडी लहानच ओतीत. परिणामी गोळी नळीच्या अंगाला आपटत बाहेर पडे आणि दूरच्या नेमाचा काही भरवसा नसे. नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या, तर गोळी भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरत जाते व तिचा मार्ग स्थिर राहतो, हे युरोपातील कारागिरांना सोळाव्या शतकापासून ठाऊक होते. त्याची शास्त्रीय मीमांसा बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने केली. अशा बंदुका जे राष्ट्र पूर्णत्वास नेईल त्याचे पारडे रणांगणात जड होईल, असे भाकित त्याने १७४७ च्या सुमारास केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे निवर्तला.

भाकित खरे ठरण्यास शंभर वर्षे लागली, कारण आड येत होते ते किटण. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घनरूपानेच मागे उरतो. तो हवेतील ओल शोषून घेतो आणि खाचांत घट्ट बसतो. खाचांना भिडणारी गोळी अशा नळीत ठासणे म्हणजे हातघाईचे काम. फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४९ साली बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी प्रचारात आणली. ती नळीत सैल उतरे आणि बार होताच फुगून खाचांना भिडे. १८५३ सालच्या एन्फिल्ड बंदुकीत याच तत्त्वाचा अवलंब झाला. तरीही किटण मऊ ठेवण्यासाठी आणि शिसे खाचांना चिकटू नये म्हणून वंगण हवेच होते. म्हणून काडतुसाच्या कागदावर, गोळीच्या टोकाकडे, चरबी आणि मेण यांचे मिश्रण लावले गेले. शिपायाने दुसरे टोक दातांनी तोडावे, दारू नळीत ओतावी आणि वंगण लावलेली बाजू आत घालून गजाने ठासावी, अशी कवायत होती.

नळीच्या दृष्टीने ही योजना निर्दोष होती. १८५३ साली अशी काडतुसे हिंदुस्थानात पाठविण्यात आली, ती येथील उष्ण हवेत वंगण टिकते की नाही हे पाहण्यासाठी. फोर्ट विल्यम, कानपूर आणि रंगून येथे ती शिपायांच्या पडतळ्यांत ठेवून त्यांची परीक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात कर्नल टकर या अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता की, वंगण जातिधर्माला बाध आणणारे नाही याची खात्री झाल्यावाचून ते देशी पलटणींना देऊ नये. त्या इशाऱ्यावरून काहीही निष्पन्न झाले नाही. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा कोणी केली नाही.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथून गाय आणि डुक्कर यांच्या चरबीची वार्ता पसरली. सरकारने तत्परता दाखविली नाही असे नव्हे. शिपायांनी तेल व मेण घेऊन स्वतःच वंगण तयार करावे, अशी मुभा त्याच महिन्यात मिळाली. पुढे काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याची कवायतही घालून देण्यात आली. परंतु वेळ निघून गेली होती. २४ एप्रिल रोजी मीरत येथे नव्वदांपैकी पंच्याऐंशी घोडेस्वारांनी काडतुसे नाकारली. ती तर नेहमीच्या वापरातली जुनीच होती. वस्तूवरील अविश्वास आता ती देणाऱ्या हातावर गेला होता. १० मे रोजी मीरतेत उठाव झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी आपल्या 'माझा प्रवास' या ग्रंथात या काडतुसांची हकीकत नमूद केली आहे. ती कोकणातल्या भिक्षुकालाही ऐकू आली होती.

उठावाची कारणे अर्थातच अनेक होती. १८५६ साली अयोध्येचे राज्य खालसा झाले होते, समुद्रपार जाण्याची अट घालणारा सैन्यभरतीचा नवा कायदाही त्याच वर्षीचा. ज्वालाग्राही द्रव्य साठलेलेच होते. पण ठिणगी कोठून पडली, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नळीला वंगण हवे होते, ते गाईचे वा डुकराचे असण्याची तिला गरज नव्हती. तेल आणि मेण यांवर भागते, हे सरकारनेच पुढे मान्य केले.

किटणाचा प्रश्न त्यानंतरही सुटला नव्हता. त्याच १८५७ साली जोसेफ व्हिटवर्थ याने षट्कोनी नळीची बंदूक इंग्लंडात चाचणीस दिली. पाचशे यार्डांवर तिचा सरासरी चुकावा साडेचार इंचांच्या आसपास भरला, तर एन्फिल्डचा सुमारे सत्तावीस इंच. एवढे करूनही तिची अरुंद नळी लवकर किटते आणि ती महागही पडते, म्हणून सैन्याने ती पत्करली नाही. फ्रान्समध्ये १८८४ साली व्हिएय याने धूरहीन दारू सिद्ध केल्यावर हे जुने दुखणे हटले. नळी पुसण्याचे काम मात्र राहिलेच. इशापूरच्या कारखान्यात झालेल्या पॉइंट तीनशेतीन बंदुकीच्या दस्त्यात तेलाची कुपी आणि दोरी ठेवण्याची जागा असे, आणि दोरीला चिंधी बांधून नळी पुसणे हा शिपायाचा नित्यक्रम होता.

शासनव्यवहारात एखादी योजना निर्दोष आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणत्या कसोट्यांवर घासली गेली, हे विचारले पाहिजे. काडतुसांच्या बाबतीत नळीचा विचार झाला, गोळीचा झाला, हवामानाचाही झाला. ज्याने ते काडतूस दातांशी न्यावयाचे होते, त्याला मात्र कोणी विचारले नाही. टकरचा कागद दप्तरात होता. तो वाचून त्यावर एक साधी चौकशी करणे एवढेच कोणाच्या तरी हाती होते.