ब्रेकच्या चकतीवरची धूळ

मागच्या महिन्यात मामूंच्या कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये एक एमजीबी आली. साठच्या दशकातली, दोन माणसांपुरती ब्रिटिश गाडी. बरीच वर्षं बंद पडून होती. पुढच्या दोन्ही डिस्कना काठाला धार आली होती, मध्ये खोल चरे पडले होते. मामू आता स्वतः हात काळे करत नाहीत, स्टुलावर बसून सांगतात. चाक उतरलं आणि पोराने सवयीने कंप्रेसरची नळी उचलली. मामू एकदम ओरडले, "हवा मत मार!"

मला नवल वाटलं. सुट्टीत मी इथे यायचो तेव्हा हीच हवा मामू स्वतः मारायचे. काळी-करडी धूळ उडायची, आम्ही पोरं हसत डोळे मिटायचो.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली तिचं पेटंट घेतलं. फिरती चकती दोन बाजूंनी चिमटीत धरायची, एवढंच. पण त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते कान किटेपर्यंत किंचाळत. त्यावर उतारा शोधला तो डर्बीशायरच्या हर्बर्ट फ्रूडने. डोंगराच्या उतारावर गाडीवान चाकाला जुने बूट लावून गाड्या रोखतात, हे पाहून त्याने ब्रेकच्या अस्तराचा धंदा सुरू केला होता. 'फेरोडो' हे नाव त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून, बायकोच्या एलिझाबेथ या नावातला 'ई' घालून केलेलं. फ्रूडने पॅडला अ‍ॅस्बेस्टॉस लावलं. किंचाळी थांबली, पॅड टिकू लागले.

तरी पुढची चाळीसेक वर्षं मोटारींवर राज्य ड्रमचंच राहिलं. १९५३ साली डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी शंभर मैलांच्या वर, आणि हे तिथे पहिल्यांदाच घडलं. इतर गाड्या वळणाआधी बऱ्याच लवकर ब्रेक दाबत, जग्वारला तशी गरज पडत नव्हती. त्यानंतर रस्त्यावरच्या गाड्यांनाही डिस्क आल्या. १९६२ च्या एमजीबीला पुढच्या चाकांना होत्याच.

मोटारींच्या पुस्तकांत गोष्ट बहुधा इथवरच येते. पण रॉचडेल इथल्या टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत काढणारी नेली कर्शॉ १९२४ साली वारली, वय ३३. कंपनीने जबाबदारी नाकारली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं तपासून लेख लिहिला आणि पुढे त्या आजाराला नावही दिलं. याच टर्नर घराण्यातून उभ्या राहिलेल्या टर्नर अँड न्यूअलने विसाव्या दशकात फेरोडो विकत घेतली. १९३१ साली ब्रिटनमध्ये धुळीचे नियम आले, ते कारखान्यांसाठी. ब्रेक खोलणारा मेकॅनिक त्यात कुठेच नव्हता.

आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याला जगण्याच्या हक्काचा भाग मानलं आणि त्यांच्या तपासणीच्या नोंदी किमान चाळीस वर्षं जपायला सांगितल्या. मोठा निकाल आहे, मी तो वर्गात सांगतो. पण गॅरेजमधल्या पोराची नोंद मुळात असते कुठे? मामूंना डॉक्टरांनी विचारलं होतं, "कारखान्यात कामाला होता का?" मामू म्हणाले, "नाही." एक्स-रे कपाटात पडून आहे. खोकला आहेच.

त्या दिवशी पोराने पाणी मारून सगळं भिजवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकी पिशवीत घालून तोंड बांधलं. पॅड कोणत्या काळातले आहेत हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून जुना पॅड अ‍ॅस्बेस्टॉसचाच समजायचा, असं मामूंचं म्हणणं. मालकाला जुन्याच डिस्क लेथवर घासून हव्या होत्या. मामूंनी मायक्रोमीटर लावला आणि मान हलवली. पातळ डिस्क लवकर तापते, तडकते.

गाडी जॅकवर नव्हे, घोडीवर. कॅलिपर तारेने टांगला, होजवर लोंबकळू दिला नाही. या गाडीची डिस्क हबच्या मागून बोल्टने बसवलेली असते, त्यामुळे हब काढावाच लागतो, आणि परत बसवताना बेअरिंगची ढिलाई पातळ चकत्या घालून मोजून जुळवावी लागते. घाई केली की चूक होते ती इथेच. स्प्लिट पिन नवी. नव्या डिस्कवरचं तेल धुऊन काढलं, डिस्क फिरवून डगमगते का ते डायल गेजने पाहिलं, दोन्ही बाजूंना नवे पॅड घातले.

गाडी खाली उतरली तसा मालक किल्ली फिरवायला निघाला. मामूंनी त्याला थांबवलं. आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायला लावलं, मगच गल्लीत सावकाश दोन फेऱ्या.