अंगाची कुरकूर आणि तिचा इतिहास



या व्यासपीठावरून इतिहास सांगायला विद्वान मंडळी येतात. मी नववीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत, वाचनालयातल्या जुन्या अहवालांतून आणि माणसांच्या तोंडून झाले. तेव्हा राजांचा व लढायांचा इतिहास मी सांगणार नाही. आपल्या अंगाच्या कुरकुरीचा सांगणार आहे. पहाटे तीनला मोडणारी झोप, सकाळी उठताना दुखणारा जबडा, जेवणानंतर घशाशी येणारे आंबट पाणी, आताच ठेवलेल्या किल्ल्या न सापडणे, पोराने पेला सांडला म्हणून त्याच्या अंगावर धावून जाणे. यांतले एकही दुखणे डॉक्टरकडे जाण्याएवढे वाटत नाही. ‘वय झाले’, ‘हवा बदलली’ म्हणून आपण ते ढकलतो. पण या बारीकसारीक गोष्टींना निरनिराळ्या काळी निरनिराळी नावे मिळाली, आणि दुखणे कोणाचे आहे हे पाहून ती मिळाली.

इटलीत मोदेना येथे रामात्झिनी नावाचा वैद्य होता. संडासाचे हौद उपसणाऱ्या एका मजुराला तो घाईघाईने काम उरकताना पाहून थांबला व त्याच्याशी बोलला. त्यातून १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. रोग्याला विचारायचे प्रश्न जुन्या आचार्यांनी ठरवून दिले होते. त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? एवढा साधा प्रश्न वैद्यकात यायला इतकी शतके जावी लागली, याचे मला अजून नवल वाटते.

पुढे १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरने थकवा, निद्रानाश, डोकेदुखी, अपचन, चिडचिड या सर्वांची एक मोट बांधून तिला ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे मज्जातंतूंचा दुबळेपणा, असे नाव दिले. रेल्वे आणि तारायंत्र यांच्या धावपळीमुळे हे होते, असे त्याने मांडले. मात्र हा रोग मुख्यतः डोक्याने काम करणाऱ्या सुसंस्कृत लोकांचा, असे त्याचे म्हणणे. धनिकांना त्यावर विश्रांतीचे उपचार मिळू लागले.

त्याच सुमारास मुंबईत काय चालले होते? गिरणी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला बंद. आठवड्याची सुटी ठरलेली नव्हती. महात्मा फुले यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यात मागितले काय, तर रविवारची पुरी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्याची सोय. मी हा अर्ज प्रथम वाचला तेव्हा मागण्यांची यादी म्हणून वाचला. आता मला तो शरीराचा जबाब वाटतो. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला.

पुढे विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास दिव्यांच्या उजेडात गिरण्या तेरा-चौदा तास, कुठे त्याहूनही जास्त चालू लागल्या. ओरड झाली, तेव्हा १९०७-०८ साली सरकारी कमिशन बसले. मालकांच्या बाजूने उत्तर असे, की हिंदी कामगार मुळातच चुकार. तो मधूनच अंगणात जातो, तंबाखू ओढतो, पाणी पितो, अंघोळ करतो. तेव्हा तास दिसायला जास्त, प्रत्यक्षात नव्हेत. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर हे कमिशनचे सभासद होते. त्यांनी आपले वेगळे मतपत्रक जोडले आणि प्रौढ पुरुषांच्या तासांवरही कायद्याने थेट मर्यादा घाला, असे सांगितले. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली. चौदा तास उभे राहिलेले शरीर मध्येच अंगणात जाऊन बसते, ते स्वतःला वाचवण्यासाठी. अमेरिकेत ज्याला मज्जातंतूंचा रोग म्हणत, त्याला आमच्याकडे चुकारपणा म्हणत, एवढाच काय तो फरक.

आता शास्त्राकडे वळू. १८९७ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन हा विद्यार्थी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराचे पचन पाहत होता. मांजर चिडले वा घाबरले की त्याच्या पोटाची हालचाल साफ थांबे. गोंजारून शांत केले की पुन्हा सुरू होई. त्यातून पुढे १९१५ चा त्याचा ग्रंथ झाला. संकट दिसले की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात रस सोडतात. हृदय जोरात चालते, स्नायू आवळतात, रक्तातली साखर वाढते आणि पचनासारखी सवडीची कामे बंद पडतात. वाघ समोर आला तर ही व्यवस्था उत्तम. पण मुकादमाचा आवाज, कर्जाचा हप्ता, ठेका संपण्याची तारीख हा वाघ रोजच दाराशी बसलेला असेल, तर? खांदे कानांपर्यंत चढलेलेच राहतात. दात आवळलेले राहतात. अन्न पोटात तसेच पडून राहते.

हॅन्स सेल्ये याची गोष्ट मला अधिक जवळची वाटते. प्रागमध्ये तो वैद्यकाचा तरुण विद्यार्थी असताना प्राध्यापकांनी निरनिराळ्या रोगांचे रोगी वर्गापुढे आणले. प्रत्येक रोगाची खास लक्षणे प्राध्यापक दाखवीत होते. सेल्येला मात्र दिसले, की ते सगळेच थकलेले, अंग दुखणारे, भूक मेलेले आहेत. त्याकडे कोणीच बघत नव्हते, कारण ते सर्वांनाच होते! १९३६ साली ‘नेचर’ पत्रिकेत त्याचे एक छोटेसे टिपण आले. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा, विष टोचा, परिणाम तोच. त्या टोपीसारख्या ग्रंथी सुजतात, रोगप्रतिकाराच्या ग्रंथी आक्रसतात, जठरात व्रण पडतात. प्रथम धोक्याची घंटा, मग तग धरणे, शेवटी दिवाळे, अशा तीन पायऱ्या त्याने सांगितल्या. मधली पायरी सर्वांत फसवी, कारण तीत माणूस कामावर जातो, हसतो, ‘ठीक आहे’ म्हणतो. (याच सेल्येने पुढे सिगारेट कंपन्यांचे पैसे घेतले आणि धूम्रपानाने ताण हलका होतो, अशी बाजू मांडली. मोठ्या माणसांचेही सगळेच घेऊ नये.)

घरातल्या बायांचे दुखणे या हिशेबात फार उशिरा आले. १९९५ साली अमेरिकेत एक लहानसा प्रयोग झाला. स्मृती गेलेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या तेरा स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. विळीचे कापलेले लवकर भरत नाही, सर्दी महिनाभर रेंगाळते, अशी तक्रार आपल्या घरात कोण करते, ते आठवून पाहा. अर्थात अशी लक्षणे रक्त कमी झाल्याने, मधुमेहाने, थायरॉइडनेही दिसतात. ती तपासणी आधी करावी. आणि छातीत कळ आली, तर माझे भाषण विसरून थेट इस्पितळ गाठावे.

एक गोष्ट सांगायला मला जड जाते. ज्या कारखान्यात मी होतो, तेथे पाळ्या दर आठवड्याला फिरत आणि डबल पाळीचा निरोप आयत्या वेळी येई. माझा एक सोबती वर्षभर आम्लपित्ताच्या गोळ्या चघळत होता. सुटी आली की त्याचे डोके धरायचे, अंग मोडून यायचे. सोमवारी त्याची रजा ठरलेली. आम्ही थट्टा करीत असू. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी रात्रपाळीत तो यंत्राशेजारी कोसळला आणि गेला. ताणानेच गेला असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तंबाखू होती, साखरही होती. पण त्याच्या घरच्यांची नुकसानभरपाई मागण्यासाठी मी संघटनेची जुनी वही काढली, तेव्हा रजेच्या तंट्यात त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात एक शेरा सापडला: ‘चुकार’. १९०८ च्या मालकांना मी सभांतून शिव्या देत होतो, आणि त्यांचाच शब्द माझ्या वहीत होता.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सुमारे अठरा हजार पुरुषांची पाहणी १९६७ पासून झाली. साहेबांवर जबाबदारी मोठी, तेव्हा हृदयविकाराने तेच मरत असतील, असा समज होता. १९७८ साली मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला: सर्वांत खालच्या पायरीचे शिपाई वरच्या साहेबांच्या तिपटीहून अधिक प्रमाणात हृदयविकाराने मरत होते. विडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे जमेस धरूनही निम्म्याहून कमीच फरक उलगडला. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत दिसले, की आपल्या कामावर ज्याचा स्वतःचा ताबा कमी, त्याचे हृदय जास्त धोक्यात. जपानात १९६९ साली एका वृत्तपत्राच्या रवानगी खात्यातला एकोणतीस वर्षांचा कामगार मेंदूच्या आघाताने गेला. पुढे अशा मरणाला ‘कारोशी’ असा शब्दच झाला आणि २०१४ साली त्यावर कायदा झाला. आठवड्याला ५५ तास वा अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगात ७ लाख ४५ हजार माणसे हृदयविकार व पक्षाघाताने गेली, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली दिला.

आता आमच्या कचेरीत कोणी पगाराची तक्रार घेऊन आला, की मी दोन प्रश्न जास्तीचे विचारतो. झोप किती वाजता मोडते? आणि सुटीच्या दिवशी अंग दुखते का? बहुतेक जण चमकतात. ‘तुम्हाला कोणी सांगितले?’ असे विचारतात. या उत्तरांवरून एका ठिकाणी आम्ही पगारवाढीच्या आधी दुसरीच मागणी लावून धरली: पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधी फळ्यावर लागला पाहिजे आणि डबल पाळीला नाही म्हणता आले पाहिजे. व्यवस्थापन हसले, कारण त्यात पैसा जात नव्हता. मागणी मान्य झाली. चारएक महिन्यांनी एका कामगाराची बायको बाजारात भेटली. म्हणाली, ‘दादा, हे आता झोपेत दात खात नाहीत.’ पगार तेवढाच होता.