मॅडम, तेवढं एक काम होतं

2010 च्या उन्हाळ्यात मी बारा वर्षांचा होतो. माझ्या शाळेला सुट्टी लागली होती, आईला लागली नव्हती. ती यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, आणि जनगणनेच्या घरयादीचं काम तिच्याकडे आलं होतं. मे महिन्यातलं यवतमाळचं ऊन ज्याने खाल्लंय त्याला वेगळं सांगायला नको. ती पुढे पॅड घेऊन आणि मी मागे पाण्याची बाटली घेऊन, असे आम्ही घरोघरी फिरायचो.

फॉर्मवर पस्तीस प्रश्न होते. भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून आणता, दिवा कशावर लागतो, संडास आहे का. आकडे छापील चौकटीत, रेषेला न चिकटवता लिहायचे, कारण ते कागद पुढे मशीन वाचणार होती. आईचं अक्षर मोत्यासारखं. तिने दीड महिना ते मोती त्या चौकटींत ओवले.

आता मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आईचा फोन येतो तेव्हा निम्म्या वेळा विषय एखाद्या ॲपचा असतो. "बाबू, ओटीपी आला, पण ॲप बाहेर फेकून देऊन राहिलं. आजच भरायचं आहे म्हणते." मी स्क्रीन शेअर करायला सांगतो. मागे वर्गातली पोरं पाढे म्हणत असतात. पाढे घेणारं कोणी नसतं, कारण घेणारी माझ्याशी बोलत असते.

आमच्या धंद्यात क्लायंट काम ठरल्यावर "तेवढं एक छोटं फीचर टाका" म्हणतो, त्याला स्कोप क्रीप म्हणतात. अशा वेळी मॅनेजर करार उघडतो आणि हे ठरलेल्या कामात नाही, असं सांगतो. दक्षिण कोरियात 1995 पासून सरकारी शाळांमध्ये परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची योजना आहे. त्यांच्या करारात आठवड्याचे शिकवण्याचे तास लिहिलेले असतात, साधारण 22. तिथेही सुट्टीतली शिबिरं आणि वर्गाबाहेरची कामं यांवरून कुरबुरी होतात. पण बोट ठेवून दाखवायला त्या शिक्षकाकडे कागद असतो. आईकडे कोणता कागद आहे, हे शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागे गेलो.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत; यवतमाळ हे नाव 1905 मध्ये मिळालं. वऱ्हाडात 1867 मध्येच शिरगणती झाली, आणि 1881 पासून सगळ्या देशात एकाच वेळी दर दहा वर्षांनी होऊ लागली. माणसं मोजायची तर लिहिता येणारा हात हवा. त्या काळच्या खेड्यात असे हात किती? पटवारी, एखाद्या सावकाराचा मुनीम आणि शाळा असेल तर मास्तर. सरकारला खेड्यात काहीही लिहून हवं असलं की नजर मास्तरांवर जायची. लहान गावातलं पोस्टही बऱ्याचदा मास्तरांकडेच, थोड्याशा भत्त्यावर. सकाळी मुळाक्षरं, दुपारी मनीऑर्डर.

म्हणजे "पूर्वी शिक्षक फक्त शिकवायचे" हे आपण समजतो तितकं खरं नाही. गावातला मास्तर पहिल्यापासून सरकारचा लिहिणारा हातही होता. तेव्हा त्याला कारण होतं: दुसरा हातच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हा हात जास्तच लागू लागला. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते आणि त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. याद्या करताना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. अशी सुमारे 28 लाख नावं यादीतून गळली. ती निवडणूक पार पाडणाऱ्यांत शाळामास्तरही होते. यवतमाळ तेव्हा मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर.

पुढचं मोठं वळण आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाने दिलं. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा आराखडा मांडला, 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावाचा कारभार गावाजवळ आला, हे मोठंच काम. पण त्याचा एक परिणाम मला आईच्या नोकरीकडे बघताना कळला. प्राथमिक शाळा, दवाखाना, विहिरी, रस्ते, पशुसंवर्धन हे सगळं एकाच छपराखाली आलं. गटशिक्षणाधिकारी आणि गटविकास अधिकारी एकाच पंचायत समितीत बसू लागले. कोणत्याही योजनेला माणसं कमी पडली की सगळ्यात लांब हजेरीपट शिक्षकांचाच दिसणार.

आणीबाणीत याचा वाईट चेहरा दिसला. देशात अनेक ठिकाणी शिक्षकांना नसबंदीच्या "केसेस" आणण्याचं उद्दिष्ट दिलं गेलं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. ज्या माणसाच्या भरवशावर आपण पोरगं शाळेत पाठवतो, तोच उद्दिष्ट घेऊन दारात उभा राहिला तर गावाने त्याच्याकडे कसं बघायचं?

आईचा कागद शेवटी सापडला तो 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं कलम 27 सांगतं की शिक्षकाला बिगर-शैक्षणिक काम देता येणार नाही. अपवाद तीनच: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. त्याआधी डिसेंबर 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मतदारयाद्यांची कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशीच द्यावीत, असं सांगितलं होतं.

म्हणजे त्या मे महिन्यातलं आईचं उन्हातलं फिरणं कायद्यात बसत होतं. तक्रार त्याची नाहीच. तीन अपवाद मला पटतात. कोलाम पोडावर अनोळखी माणूस फॉर्म घेऊन गेला तर दारं अर्धीच उघडतात. शाळेतल्या मॅडम गेल्या तर खाट टाकली जाते. 26 एप्रिल 2024 ला यवतमाळ-वाशिममध्ये लोकसभेचं मतदान झालं. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन केंद्रावर मुक्कामाला गेलेल्यांत कितीतरी गुरुजी आणि मॅडम होत्या. निकालावर आपण विश्वास ठेवतो, त्यात त्यांचाही वाटा आहे.

अडचण चौथ्या, पाचव्या आणि पंधराव्या कामाची आहे. 2015 मध्ये "सरल" प्रणाली आली. यू-डायसची माहिती वेगळी. खिचडीचा तांदूळ, शिजवलेल्या ताटांची संख्या, रोजची नोंद. कोरोनात घरोघरी तपासणी आणि नाक्यांवर ड्युटी. जानेवारी 2024 मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणात दीडशेच्या आसपास प्रश्न, तेही ॲपवर. यातली अर्धी कामं शाळेशी संबंधित म्हणून "शैक्षणिक" ठरतात आणि कलम 27 त्यांना अडवत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारने कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक, याची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला. यादी करावी लागली, यातच सगळं आलं.

आणि इथे मला माझ्याच धंद्याबद्दल बोलावं लागतं. 1881 मध्ये एक प्रश्न वाढवायचा तर कागद छापायचा, गाडीने पाठवायचा, उत्तरं हाताने मोजायची. प्रश्न विचारणाऱ्याला खर्च होता, म्हणून तो मोजके प्रश्न विचारायचा. आज मीटिंगमध्ये बसून मी फॉर्मला एक रकाना वाढवतो, त्यापुढे "आवश्यक" अशी लाल चांदणी टाकतो. दोन मिनिटांचं काम. शंभर शाळांत त्या चांदणीसाठी रोज दहा-दहा मिनिटं गेली तर तो खर्च माझ्या कोणत्याच शीटमध्ये दिसत नाही. एकच माहिती तीन पोर्टलवर भरावी लागते, कारण तीन टीम एकमेकींशी बोललेल्या नसतात. मोबाइल आल्याने आईचं काम कमी होईल, असं मला कॉलेजात असताना खरंच वाटायचं.

शाळेचा खर्च कुठे दिसतो ते सांगतो. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक. एक ड्युटीवर गेला की दुसऱ्याकडे सगळे वर्ग. असं महिनाभर चाललं की ज्याला परवडतं तो पालक पोराला तालुक्याच्या खासगी शाळेच्या गाडीत बसवतो. पट घटतो. पट घटला की पदं घटतात. उरतात ती ज्यांना गाडी परवडत नाही त्यांची पोरं, आणि एकटा गुरुजी.

त्या गाडीत बसलेला एक पोरगा मी होतो. आईने मला तिच्या शाळेत घातलं नाही. मोठा झाल्यावर मी तिला विचारलं होतं, काहून? ती म्हणाली, "माझ्या शिकवण्यावर भरवसा होता रे. पण वर्गात मी असीन, याचा नव्हता."

जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेने हे म्हणावं, याची लाज तिला नाही, आपल्याला वाटायला हवी. 1867 मध्ये गावात दुसरा लिहिणारा हात नव्हता. आज आमच्या गावात बारावी झालेली, पदवी घेतलेली, काम शोधणारी पोरं-पोरी चौकात बसलेली दिसतात. सर्वेक्षण, डेटा एन्ट्री, पोर्टल भरणं हे त्यांना पगार देऊन करून घेता येईल. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती शिक्षकांकडे राहू द्या. बाकीच्या प्रत्येक कामाच्या आदेशावर "या काळात वर्ग कोण घेईल" हा एक रकाना ठेवा. आणि त्यापुढे लाल चांदणी टाका.

2027 ची जनगणना पहिल्यांदाच मोबाइल ॲपवर आहे. घरबसल्या आपली माहिती आपणच भरायची सोयही त्यात आहे. ही संधी आली की तेवढं नक्की करा. कोणाच्या तरी आईचा उन्हातला एक उंबरा कमी होईल.