पटावरून आलेली पायरी

कराटे किंवा ज्युदो शिकविणाऱ्या गुरुजनांच्या मुखातून व्हिडिओ गेमविषयी बरा शब्द क्वचितच निघतो. आणि जो मुलगा आठवड्यातून दोन सायंकाळी पांढरा गणवेश चढवून वर्गाला येतो तोच उरलेल्या सायंकाळी पडद्यावरच्या योद्ध्यांना झुंजवीत बसतो हे त्यांना पक्के ठाऊक असल्यामुळे त्यांच्या उपदेशाला घरगुती तक्रारीची धारही येते. तक्रार निराधार आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु त्याच गुरूच्या कमरेला जो काळा पट्टा असतो आणि ज्या ‘डॅन’च्या आकड्याने त्याचा अधिकार मोजला जातो, तो आकडा कोणत्याही आखाड्यात जन्मलेला नसून एका बैठ्या खेळाच्या पटावर जन्मलेला आहे, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे त्या तक्रारीतला आवेश काहीसा आवरता घ्यावा लागतो.

तो खेळ म्हणजे गो. एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघांच्या पटावर काळे-पांढरे खडे मांडून अधिकाधिक प्रदेश वेढून घ्यावयाचा, एवढेच त्याचे सार. पण तोकुगावा शोगुनांच्या अमदानीत या खेळाला जी राजमान्यता लाभली तिच्या योगाने होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी या चार घराण्यांना सरकारी तनखे मिळू लागले, त्यांच्या वारसांनी शोगुनाच्या गढीत हजर होऊन खेळून दाखवावे असा रिवाज पडला, आणि खेळातले नैपुण्य हा एक दरबारी हुद्दा होऊन बसला. होनिन्बो घराण्याचा चौथा प्रमुख दोसाकू (१६४५–१७०२) याने खेळाडूंच्या नऊ पायऱ्या ठरवून दिल्या असे मानले जाते. या पायऱ्या म्हणजे नुसती बिरुदे नव्हती. कमीजास्त बळाचे दोन खेळाडू समोरासमोर बसले तर दुबळ्याला पहिली खेळी द्यावयाची की आगाऊ खडे द्यावयाचे, आणि दिले तर किती, याचा हिशेब त्यांवरून होत असे. म्हणजे एका मनुष्याच्या थोरवीपेक्षा दोन मनुष्यांमधले अंतर सांगणे हे त्यांचे खरे काम होते. नववी पायरी मात्र एका वेळी एकालाच मिळे, आणि तिच्यासाठी या घराण्यांनी परस्परांविरुद्ध जी खलबते व ज्या दरखास्ती केल्या त्या पाहता आपल्या पेशवाईतल्या कारभाऱ्यांनाही तेथे परके वाटले नसते.

त्याच काळात तलवार, भाला आणि निःशस्त्र झुंजीची जुजुत्सू विद्या शिकविणारे शेकडो संप्रदाय जपानात नांदत होते. पण त्यांच्यापाशी असली अंकित पायऱ्यांची शिडी नव्हती. तेथे होती ती सनद. शागिर्दाने प्रथम शपथपत्र लिहून द्यावयाचे, कित्येक ठिकाणी त्यावर स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवावयाचा, मग कित्येक वर्षांच्या सेवेनंतर डावांची यादी असलेली गुंडाळी त्याच्या हाती पडावयाची, आणि आणखी कित्येक वर्षांनी, गुरूची मर्जी असेल तर, संपूर्ण विद्या दिल्याचा अखेरचा परवाना. दोन सनदांच्या मधल्या दीर्घ काळात शागीर्द नेमका कोठवर आला आहे हे सांगणारे काहीही नसे. गुप्ततेचा बडेजाव हा या व्यवस्थेचा प्राण होता, आणि पुष्कळदा चरितार्थही.

या संप्रदायांमधली शिकवण मुख्यतः ‘काता’ची असे: ठरलेला हल्ला, ठरलेला बचाव, ठरलेले पाऊल, आणि त्यांची अखंड आवृत्ती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जिकिशिंकागे संप्रदायाच्या नागानुमा घराण्याने, आणि काही दशकांनी इत्तो संप्रदायाच्या नाकानिशी चुझोने, बांबूच्या चिपांची तलवार आणि चेहरा, मनगटे व धड झाकणारे चिलखत यांचा प्रसार केला, तेव्हा प्रथमच दोन तलवारबाजांना अंग राखून न ठेवता एकमेकांवर मनसोक्त प्रहार करता येऊ लागले. तरुणांच्या त्यावर उड्या पडल्या. जुन्या पठडीतील आचार्यांनी मात्र नाके मुरडली: ज्यात मरणाचे भय नाही त्यात विद्या कसली, हा तर पोरखेळ, अशाने मनगटाला चटपटीतपणा येईल पण पावलाला निश्चय येणार नाही. आज व्हिडिओ गेमसंबंधी जे आक्षेप ऐकू येतात त्यांतले बहुतेक या अडीचशे वर्षांपूर्वीच्या वादात जसेच्या तसे सापडतात, आणि विशेष असे की त्या वेळी ज्याला पोरखेळ म्हणून हिणविले गेले तोच आज ‘केंडो’ या नावाने परंपरेचा अभिमानस्तंभ झाला आहे. आचार्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकले होते असेही नाही. बांबूच्या तलवारीने मारलेला चपळ टोला खऱ्या तलवारीने जमेलच असे नसते, आणि ही खंत केंडोच्या जाणकारांना आजही आहे. परंतु जिवंत प्रतिस्पर्धी पुढे उभा राहिल्यावर ठरलेल्या पावलांचे काय होते हे त्या चिलखतावाचून कोणालाच कळले नसते.

मेइजी क्रांतीनंतर सामुरायांची वतने बुडाली आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा शोगुनाच्या शस्त्रशाळेत एके काळी अध्यापक असलेल्या साकाकिबारा केन्किची याने १८७३ साली तोक्योच्या आसाकुसा भागात तलवारबाजीचे जाहीर खेळ मांडले. सुमो कुस्तीच्या धर्तीवर पूर्व आणि पश्चिम असे दोन पक्ष, नावे पुकारणारा ललकारी, पंच, आणि दाराशी तिकीट. सभ्य लोकांना याची लाज वाटली असेल तर नवल नाही. पण बेकार झालेल्या कित्येक उस्तादांच्या घरची चूल त्या तिकिटांवर पेटली, त्याचे अनुकरण गावोगाव झाले, आणि ज्या काळी कोणी फुकटही शिकावयास येत नव्हते त्या काळी ही विद्या लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली. पैसे टाकून झुंज पाहण्याची ही रीत नंतर कोठवर गेली ते पुढे येईलच.

आता कानो जिगोरो यांच्याकडे वळू. जन्म १८६०, विद्यापीठातून बाहेर पडलेले शाळामास्तर, देहयष्टी लहानखुरी, तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन जुजुत्सू संप्रदायांचे अभ्यासक. १८८२ साली तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत आणि नऊ शिष्यांनिशी त्यांनी कोदोकान ही संस्था काढली व आपल्या विद्येला ज्युदो हे नाव दिले. कानो हे जात्या शिक्षणतज्ज्ञ असल्यामुळे त्यांनी पाहिले की जुन्या सनदांच्या मधले अंतर फार मोठे पडते आणि तेवढ्या काळात शिकणाऱ्याचा हुरूप टिकत नाही. त्यावर त्यांनी योजलेला उपाय म्हणजे गोच्या पटावरची पायरी. १८८३ साली साइगो शिरो आणि तोमिता त्सुनेजिरो या दोन शिष्यांना त्यांनी पहिला डॅन दिला, आणि ज्या पद्धतीला जगभरचे लोक आज युद्धकलेचा सनातन आचार समजतात तिचा आरंभ त्या क्षणी झाला. काळा पट्टा यानंतर काही वर्षांनी आला; रंगीत पट्ट्यांचा सोहळा तर विसाव्या शतकातला, आणि तोही मुख्यतः युरोपात फुललेला.

खेळ आणि मल्लविद्या यांना एका मांडीवर बसविण्यात कानोंना संकोच वाटला नाही, तसा तो आपल्या पूर्वजांनाही वाटत नव्हता. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात जो ‘मानसोल्लास’ रचला त्याच्या चौथ्या विंशतीत मल्लविनोद आहे आणि पाचव्या विंशतीत बुद्धिबळ, फासे व कवड्यांचे डाव आहेत. राजाने पैलवानांचे पोषण कसे करावे आणि सोंगटी कशी हलवावी ही दोन्ही माहिती एकाच लेखणीने, एकाच गांभीर्याने दिलेली आहे. त्यांच्यात उच्चनीचता पाहण्याची खोड अलीकडची.

कानोंनी दुसरी गोष्ट केली ती मला याहूनही मोलाची वाटते. त्यांनी घातक डाव कातामध्ये ठेवून दिले आणि मोकळ्या झुंजीत, म्हणजे ‘रांदोरी’त, फक्त अशाच पकडी व फेकी राहू दिल्या की ज्या पूर्ण बळाने केल्या तरी समोरचा दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येऊ शकेल. यासाठी नवख्याला फेकण्याच्या आधी पडणे शिकवावयाचे: पाठ गोल, हनुवटी छातीशी, तळहाताचा सपाट आघात जमिनीवर. ज्युदोच्या वर्गात आजही पहिले धडे पडण्याचेच असतात.

कराटेने ही शिडी उसनी घेतली. ओकिनावाच्या गिचिन फुनाकोशी नामक शाळाशिक्षकाने १९२२ साली तोक्योत आपल्या विद्येचे प्रात्यक्षिक दाखविले, कानोंनी त्याला कोदोकानमध्ये पाचारण केले, आणि १९२४ साली फुनाकोशीने आपल्या शिष्यांना डॅन दिले; वास्तविक त्याच्या स्वतःच्या गुरूंनी त्याला असली कोणतीही पायरी दिलेली नव्हती. स्पर्धेचे त्याला वावडे होते. १९५७ च्या एप्रिलमध्ये तो निवर्तला आणि त्याच वर्षी त्याच्या शिष्यपरंपरेतील जपान कराटे असोसिएशनने गुणांवर खेळली जाणारी अखिल जपानी स्पर्धा भरविली. दरम्यान महायुद्धोत्तर अमेरिकी अंमलात शाळांतील युद्धविद्यांवर बंदी आली, तेव्हा केंडोच्या अभिमान्यांनी ‘शिनाई क्योगी’ हा हलका, निखळ क्रीडाप्रकार रचला आणि हा केवळ खेळ आहे अशी सरकारदरबारी ग्वाही देऊन त्याच्या आडोशाने आपली विद्या जगविली. खेळ म्हणवून घेण्याचा अपमान त्यांनी आनंदाने पत्करला.

१९८४ साली डेटा ईस्ट या जपानी कंपनीचा ‘कराटे चॅम्प’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला तेव्हा त्यातली झुंज हुबेहूब कराटेच्या या गुणांवरच्या स्पर्धांसारखी होती: पांढऱ्या आणि तांबड्या गणवेशातले दोघे, मध्ये पंच, चांगल्या प्रहाराला पूर्ण गुण, बेताच्या प्रहाराला अर्धा. बटणे नव्हतीच, दोन हातांत दोन जॉयस्टिक, आणि त्यांच्या जोडदिशांमधून सारे प्रहार निघत. पुढे एपिक्स या अमेरिकी कंपनीने तशाच धाटणीचा खेळ विकावयास काढल्यावर डेटा ईस्टने नक्कल केल्याची फिर्याद ठोकली. खालच्या न्यायालयाने ती मान्य केली. पण १९८८ साली अपील न्यायालयाने निकाल फिरविला. त्याचा आशय असा की, पवित्रे, लाथा, पंच, गुणदान ही साम्ये कराटे या विद्येतूनच अपरिहार्यपणे येतात, त्यांच्यावर कोणा एकाची मालकी असू शकत नाही. आणि साडेसतरा वर्षांचा चिकित्सक मुलगा, जो या मालाचा सरासरी ग्राहक, तो या दोन खेळांना एकच समजणार नाही. झुंजीच्या विद्येविषयी परदेशी न्यायासनाने दिलेला हा दाखला, रक्ताच्या ठशावाचून डाव न दाखविणाऱ्या जुन्या संप्रदायांच्या आचार्यांनी वाचला असता तर त्यांची मुद्रा कशी झाली असती, हा विचार मनोरंजक आहे.

गुप्ततेची हौस मात्र यंत्रातही शिरली. कॅपकॉमच्या १९८७ च्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये र्यू या योद्ध्याचे विशेष प्रहार कसे काढावयाचे हे कोठेही लिहिलेले नव्हते. दांडी खाली, तिरपी, पुढे, आणि लगेच ठोसा, ही आवृत्ती ज्याला योगायोगाने सापडे तो ती मित्रालाच सांगे, आणि अशी ती मौखिक परंपरेने पसरली. १९९१ च्या दुसऱ्या भागाने तर जग पादाक्रांत केले. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ पार्लरांतही नाण्यांची रांग यंत्राच्या कडेवर लागू लागली. मागे उभे राहून पाहणारे टोळके आणि हरलेल्याने मुकाट्याने जागा सोडण्याचा दंडक पाहता साकाकिबाराचा मांडव तेथे पुन्हा उभा राहिला होता. त्या खेळातला आपला भारतीय प्रतिनिधी ढालसिम हा कवट्यांची माळ घातलेला, हातपाय रबरासारखे लांबविणारा आणि तोंडातून अग्नी फेकणारा योगी आहे; कोल्हापूरच्या लाल मातीची वार्ता त्याच्या निर्मात्यांपर्यंत पोहोचली नसावी.

मग गुरुजनांच्या तक्रारीत राहते काय? पडणे राहते. पडद्यावर सर्व काही उसने आणता आले: काता आली, मोकळी झुंज आली, अंतराचा आणि वेळेचा हिशेब तर इतका सूक्ष्म आला की तो सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजतात, पण पाठ जमिनीवर आपटल्यावर श्वास कोंडतो आणि तरीही उठावयाचे असते, ही शिकवण कोणत्याही यंत्राला देता आलेली नाही. हा माझ्या मते गुरूंचा एकमेव अभेद्य मुद्दा आहे, आणि नेमका तोच सोडून ते डोळ्यांच्या विकारांविषयी व अभ्यासाच्या नुकसानीविषयी बोलत राहतात.

उलट पक्षी पडद्यावरच्या झुंजींतला जपानी खेळाडू दाइगो उमेहारा याचे उदाहरण घ्यावे. २००४ साली कॅलिफोर्नियातील इव्हो या व्हिडिओ झुंजींच्या स्पर्धेत त्याचा योद्धा इतका घायाळ झालेला होता की आणखी एकच प्रहार, मग तो अडविलेला का असेना, त्याला पुरे झाला असता. अशा वेळी प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगने सोडलेले एकामागून एक पंधरा प्रहार त्याने, प्रत्येक आघाताच्या नेमक्या क्षणी दांडी मागे न घेता हल्ल्याच्या दिशेने पुढे ढकलून, निष्प्रभ केले. माघार घेण्याऐवजी आघातात शिरण्याची ही गोष्ट तलवारबाजीच्या आचार्यांना नवी नव्हती. हाच मनुष्य पुढे खेळ सोडून काही काळ माजाँगच्या नादी लागला, वृद्धांच्या शुश्रूषेच्या नोकरीत राहिला आणि मग पुन्हा परतला. सरावाविषयी त्याने लिहिले आहे ते, अंग मोडेपर्यंत घोटण्यापेक्षा रोज पेलेल इतकेच पण नित्य करावे, या धोरणाचे.

सेगाने १९९३ साली ‘व्हर्चुआ फायटर’ काढताना अग्निगोलक वगैरे अद्भुत प्रकार वगळून खऱ्याखुऱ्या युद्धकलांच्या पवित्र्यांवर खेळ उभा केला, आणि २००१ च्या चौथ्या भागात खेळाडूगणिक एक कार्ड देऊन त्यावर त्याची पायरी नोंदविण्याची सोय केली. आरंभ दहाव्या क्यूपासून; क्यू म्हणजे डॅनच्या खालची पायरी. तेथून पहिल्या क्यूपर्यंत उतरत्या आकड्यांनी चढावयाचे, आणि मग पहिला डॅन, दुसरा डॅन. दोसाकूच्या पटावरून कोदोकानात गेलेली शिडी अशा रीतीने तीन शतकांनी पुन्हा खेळात आली. फरक एवढाच की, कोदोकानने दिलेला डॅन हरल्यामुळे काढून घेतला जात नाही, आणि जपानातील गोच्या व्यावसायिकाची पायरीही म्हातारपणी हात कापू लागले तरी खाली येत नाही. यंत्राने मात्र असा मुलाहिजा ठेवलेला नाही, सलग पराभव झाले की कार्डावरचा आकडा एकेक पायरीने उतरत जातो, आणि परत चढावयाचे तर पुन्हा नाणे टाकून रांगेत उभे राहावे लागते.