भुई, फरशी, लादी : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील घराच्या तळाचा इतिहास

स्थानिक इतिहासाची साधने म्हणून किल्ले, देवालये, ताम्रपट आणि दप्तरे यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. ज्या भुईवर माणसे जन्मभर वावरली, जेवली व निजली, ती भुई मात्र साधनांच्या यादीत क्वचितच आढळते. ह्याचे कारण उघड आहे. भुई झिजते, पुन्हा सारवली जाते, कालांतराने उखडली जाते. तिच्यावर कोणी लेख कोरून ठेवीत नाही. तथापि घर बांधताना कोणत्या खोलीस कोणती भुई द्यावयाची हा निर्णय प्रत्येक कुटुंबास घ्यावाच लागतो, आणि त्या एका निर्णयात कुटुंबाची ऐपत, आचार, जवळचा बाजार व घरातील श्रमांची वाटणी ही सर्व एकत्र येतात. प्रस्तुत लेखात पालघर आणि बोईसर-तारापूर ह्या टापूतील घरांच्या तळाचा ह्याच दृष्टीने विचार केला आहे.

हा टापू वैतरणेच्या उत्तरेस, पश्चिमेकडील समुद्र आणि पूर्वेकडील डोंगराळ प्रदेश यांच्यामध्ये पसरलेला आहे. इंग्रजी अमदानीत तो ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. किनाऱ्यावर मच्छीमार, बागायतदार व व्यापारी, आतील भागात वारली व इतर आदिवासी, आणि गेल्या अर्धशतकात उद्योगधंद्यांनिमित्त आलेले नोकरदार व कामगार अशी येथील वस्ती आहे. पावसाळा जोराचा व हवा खारट असल्याने घराचा तळ कोरडा राखणे ही येथील प्रत्येक घरबांधणीची पहिली अडचण होय.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. इंग्रजीतील 'टाइल' ह्या एकाच शब्दाने छपरावरील व पायाखालील अशा दोन्ही वस्तूंचा बोध होतो. मराठीने हा भेद काटेकोरपणे पाळला आहे : डोक्यावर असते ते कौल, पायाखाली असते ती लादी. 'भुई' म्हणजे मातीचा, चोपून सारवलेला तळ. 'कोबा' म्हणजे चुन्याचा व पुढे सिमेंटाचा सलग ओतलेला तळ. 'फरशी' हा शब्द फारसी 'फर्श'पासून आला असून तो मुख्यतः दगडी चिपांना लावला जातो. 'लादी' हा शब्द मुंबई व उत्तर कोकणात विशेष रूढ आहे आणि शेजारच्या गुजरातीतही तो चालतो. हे चार शब्द म्हणजे घराच्या तळाच्या इतिहासाचे चार थर होत असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यांपैकी सर्वांत जुना थर भुईचा. जोत्यात माती भरून, पाणी शिंपून ती धुमसाने ठोकीत व चोपण्याने चोपून सपाट करीत; नंतर शेणाने सारवीत. वरवर पाहता ही भुई घरभर एकच वाटते. वस्तुतः तसे नव्हते. ओटीवर परक्या माणसांची वर्दळ असल्याने तेथील तळ अधिक घट्ट चोपलेला असे. स्वयंपाकघरात चुलीभोवतीची जागा रोज सारवली जाई, कारण तेथे राख व खरकटे पडे, आणि सोवळ्याच्या कल्पनेप्रमाणे सारवण हीच शुद्धी होती. न्हाणीत मात्र माती चालत नसे. तेथे सारवलेल्या घरातही दगड बसवून पाण्याला उतार देत. खोलीप्रमाणे तळ निवडण्याची पद्धत आजच्या दुकानदाराने शोधून काढलेली नाही हे ह्यावरून स्पष्ट होईल. पाणी कोठे पडणार, विस्तव कोठे राहणार आणि पाय कोणाचे लागणार, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जुन्या घराने मातीच्या व दगडाच्या भाषेत देऊन ठेवली होती.

चौथा प्रश्न श्रमांचा. सारवलेली भुई उन्हाळ्यात थंड राहते, अनवाणी पायांना मऊ लागते आणि तिला पैसा पडत नाही, असे तिचे गुण सांगितले जातात. ते खरे आहेत. परंतु ती भुई दर काही दिवसांनी नव्याने करावी लागते, आणि हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे होते. शेण गोळा करणे, कालवणे, गुडघ्यांवर बसून हाताने पसरणे आणि पावसाळ्यात ओल आली की पुन्हा तेच करणे, ह्याची कोणत्याही जमाखर्चात नोंद नाही. बिनखर्चाची भुई म्हणजे बिनमोल श्रमांची भुई होती. फरशीची ओढ केवळ प्रतिष्ठेपोटी निर्माण झाली असे मानणाऱ्यांनी ही बाजू लक्षात घेणे जरूर आहे.

किनाऱ्यावरील सधन घरांत दगड व चुना पूर्वीपासून होते. पोर्तुगिजांच्या ताब्यातील तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. पुढे तो येथील पारशी व्यापारी विकाजी मेहेरजी यांच्याकडे इनाम म्हणून गेला. ज्या गावातील व्यापाऱ्याकडे अशी सत्ता व संपत्ती होती, तेथे दगडी जोत्यांची मोठी घरे उभी राहावीत ह्यात नवल नाही. पारशी घराच्या उंबऱ्याशी छिद्रे पाडलेल्या डब्याच्या ठशाने पांढऱ्या भुकटीची नक्षी उठविण्याची चाल आहे. सपाट व टणक तळावर ही नक्षी स्वच्छ उमटते. म्हणजे आचार व तळ यांचा संबंध येथेही दिसतो.

खरा पालट रेल्वेने घडविला. १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेतून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत आला आणि हा टापू मुंबईच्या बाजारपेठेशी लोहमार्गाने जोडला गेला. दुसऱ्या बाजूने १८७१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे रायचुरास पोचली, आणि वाटेवरील शहाबादचा थरांत फुटणारा चुनखडीचा दगड दूरवर नेणे सोपे झाले. ह्यापूर्वी जड दगड हा जवळच्या खाणीचाच वापरावा लागे. आता फरशी ही विकत आणावयाची वस्तू झाली.

मुंबईत त्याच सुमारास विलायती लाद्यांचे युग अवतरले होते. १८७२ मध्ये उघडलेल्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात (सध्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) इंग्लंडातील मिंटन कारखान्याच्या लाद्या बसविल्या गेल्या. ह्या लाद्या रंगीत मातीच्या व भट्टीत भाजलेल्या. सामान्य गृहस्थाच्या आटोक्यापलीकडच्या. सिमेंटाच्या लादीने हे अंतर कमी केले. तिला भट्टी लागत नाही. धातूच्या साच्यात रंगीत सिमेंट ओतून, त्यामागे कोरडे सिमेंट व वाळू भरून ती दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात मुरवितात. १९२२ मध्ये फिरोजशहा सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनी सुरू केली ती स्वदेशीच्या प्रेरणेने. खादीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे; स्वदेशी ही पायाखालूनही आली होती, ह्या गोष्टीची दखल मात्र अभावानेच घेतली गेली.

नव्या लादीने घराच्या भागांची श्रेणीही बदलली. नक्षीची लादी प्रथम येई ती ओटीस किंवा दिवाणखान्यास, म्हणजे पाहुण्याच्या नजरेस पडणाऱ्या भागास. माजघरास साधी फरशी किंवा कोबा पुरे, आणि स्वयंपाकघराची भुई बराच काळ सारवलेलीच राही. ह्याला सोवळ्याप्रमाणेच व्यवहाराचेही कारण होते : चुलीपाशी लाकडे फोडली जात, तापलेली भांडी टेकविली जात, आणि चिंच-कोकमाच्या आंबटाने चुनखडीच्या फरशीवर व सिमेंटावर डाग पडत. जुन्या भुईची विभागणी पाण्याच्या व विस्तवाच्या धोरणाने झाली होती. ह्या काळातील विभागणी नजरेच्या धोरणाने झाली. त्यामुळे घरातील सर्वांत कष्टाची खोली सुधारणेच्या रांगेत शेवटी उभी राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळात दोन गोष्टी घडल्या. संगमरवराच्या चुऱ्याची, बसविल्यावर घासून गुळगुळीत करावयाची मोझेक लादी चाळींत, सरकारी वसाहतींत आणि शाळा-इस्पितळांत सर्वत्र पसरली. सिमेंटाच्या लाद्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९५९ मध्ये प्रमाण ठरवून दिले. दुसरे म्हणजे १९५८ मध्ये एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) ही कंपनी स्थापन होऊन चकाकी चढविलेली चिनी मातीची लादी देशातच तयार होऊ लागली. ह्या लादीवर आंबटाचा व तेलाचा डाग टिकत नाही. न्हाणीघराच्या भिंतींवर व स्वयंपाकाच्या ओट्यामागे ती पांढरी लादी चढली आणि कष्टाच्या खोलीकडे प्रथमच लक्ष गेले. 'ओटा' हा शब्दच येथे पाहण्याजोगा आहे; अंगणाकडील बैठकीचे नाव स्वयंपाकघरात उभ्याने काम करण्याच्या जागेस मिळाले, आणि बसून रांधणारी स्त्री उभी राहिली.

हे स्थित्यंतर बोईसर-तारापुरात विशेष वेगाने झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत वाढली. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. देशाच्या सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांना तयार घरे हवी होती, आणि तयार घरात तळ कोणता हे कंत्राटदार ठरवितो. गृहस्थाने घर बांधणे व गृहस्थाने घर विकत घेणे ह्यांतील भेद येथे निर्णायक ठरला.

त्यानंतरचा टप्पा व्हिट्रिफाइड लादीचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही लादी भारतात होऊ लागली, आणि मूळची कौलांसाठी ओळखली जाणारी गुजरातेतील मोरबी तिचे प्रमुख केंद्र बनली. मुंबईकडे जाणारा हा माल राष्ट्रीय महामार्गाने पालघर जिल्ह्यातूनच उतरतो. एके काळी नवी लादी दक्षिणेकडून, मुंबईहून येई. आता ती उत्तरेकडून येते. दोन फूट चौरस, आरशासारखी चकचकीत अशी एकच लादी ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत सबंध सदनिकेत बसविण्याची रूढी पडली. दोन खोल्यांमधील तळाचा भेद, जो शेकडो वर्षे पायाला कळत होता, तो नाहीसा झाला.

ह्या एकसारखेपणाची किंमत पावसाळ्यात कळते. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाही; म्हणूनच ती खारट व दमट हवेत टिकते. परंतु न शोषलेले पाणी वरच राहते आणि गुळगुळीत पृष्ठावर वृद्धांचा पाय घसरतो. भिंतीची चकाकीची लादी दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते व वजनाला कच्ची असते. ती जमिनीस लावणे चूक. म्हणून जाणकार आज न्हाणीघर, सज्जा व धुण्याची जागा ह्यांस खरबरीत लादी, स्वयंपाकघरास डाग न धरणारी निस्तेज लादी, देवघरास संगमरवर व दर्शनी खोलीस मोठ्या मापाची लादी सुचवितात. हा सल्ला नवा म्हणून दिला जातो. वस्तुतः पाणी, विस्तव व पाय हे जुनेच तीन प्रश्न त्यात परत आले आहेत.

मात्र खोलीप्रमाणे लादी निवडावयाची तर आधी खोल्या हव्यात, हे विसरून चालणार नाही. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाच्या जागेसह, २५ चौरस मीटर ठरविले आहे व २०१६ मध्ये सपाट प्रदेशासाठी साहाय्याची रक्कम १ लाख २० हजार रुपये होती. एवढ्यात भिंती व छप्पर उभे राहिले की तळाचा प्रश्न घरमालकाच्या खिशावर येतो. तसेच अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे हलविण्यात आली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. विस्थापितास जोते, उंबरा व भुई सर्व काही आयते मिळते. आयते मिळालेले घर पक्के असो वा कच्चे, ओटी किती रुंद असावी, जाळे कोठे पसरावे, न्हाणीचा उतार कोणत्या दिशेस असावा, हे सांगण्याचा अधिकार त्यात उरत नाही. भुईच्या इतिहासात सर्वांत मोठी तफावत माती व संगमरवर यांची नसून निवड करणारा व निवड स्वीकारणारा यांची आहे.

एकंदरीत पाहता, ह्या टापूतील घराचा तळ प्रथम आचाराने व निसर्गाने, नंतर रेल्वेने व स्वदेशीने, पुढे कंत्राटदाराने आणि आज बाजाराने ठरविला. सारवण सुटले ह्याची हळहळ करणे अनाठायी आहे. ज्यांनी ते केले त्यांनी ती हळहळ क्वचितच व्यक्त केली असेल. परंतु चिंचणी-तारापूर, केळवे-माहीम व डहाणू येथील जुनी घरे एकामागून एक पाडली जात असताना त्यांच्या लाद्या भरावात जात आहेत, आणि त्यांबरोबर एक साधन नष्ट होत आहे. प्रत्येक घराच्या प्रत्येक खोलीचा तळ, त्याचे माप, पाठीवरील ठसा आणि तो कोणी निवडला व कोण पुशीत असे ह्याची घरातील वृद्ध स्त्रियांकडून मिळणारी माहिती, एवढे जरी विद्यार्थ्यांनी टिपून ठेवले, तरी पुढील अभ्यासकास कागदपत्रांत न सापडणारा इतिहास हाती लागेल. हे काम घरे उभी आहेत तोवरच होण्यासारखे आहे.