जुन्या संगणकातील फायलींबरोबर फॉन्टही जपा

वर्धा - वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील अनेक मध्यमवर्गीय घरांत पहिला संगणक २००० ते २०१० या दशकात आला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ मध्ये झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक शिकणे ही घरोघरची गोष्ट झाली. विंडोज ९८ किंवा एक्सपीवर चालणारे ते संच आता माळ्यावर गेले असले, तरी त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याची छायाचित्रे, कुटुंबाची वंशावळ, आजोबांनी लिहिलेल्या आठवणी, दुकानाचे हिशेब पडून असतात. त्यांचा बॅकअप घेणे, म्हणजेच दुसरी प्रत काढून ठेवणे, फारसे अवघड नाही. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र एक पेच आहे. फाईल सुखरूप राहूनही तिच्यातील मजकूर हरवू शकतो.

फाईल आहे, अक्षरे नाहीत

त्या काळी घरगुती मराठी टंकलेखन बहुतांशी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या पॅकेजमधून किंवा शिवाजी, किरण अशा सुट्या फॉन्टमधून होत असे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचाच. डोळ्यांना तो मराठी दिसे तो केवळ फॉन्टमुळे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. त्यामुळे अशी फाईल नव्या संगणकावर उघडली, की पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. फाईल खराब झाली, असे समजून ती काढून टाकली जाते. प्रत्यक्षात फाईल ठणठणीत असते. तिचा फॉन्ट तेवढा जुन्या संगणकात राहिलेला असतो.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान आहे. परंतु एक्सपीमध्ये ही सोय कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मुद्दाम सुरू करावी लागे. साहजिकच घरोघरी जुनेच फॉन्ट चालत राहिले.

सुरू करण्यापूर्वी

वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट वीज जोडून सुरू करू नये. कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने धूळ काढावी, पंखा मोकळा फिरतो का ते पाहावे. वर्ध्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो; अशा दिवसांत हे काम सकाळी लवकर उरकलेले बरे. शक्य असल्यास यूपीएस वापरावा, कारण प्रत घेताना मध्येच वीज गेली तर जुन्या डिस्कला धक्का बसू शकतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे हा सर्वांत घातक उपाय आहे.

संगणक सुरू झाला, तर त्याला इंटरनेट जोडू नये. एक्सपीला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. आधी 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉपवरील फायली घ्याव्यात. त्यानंतर सी ड्राइव्हमधील 'विंडोज' फोल्डरच्या आत असलेले 'फॉन्ट्स' हे फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावे. नेमका कोणता फॉन्ट वापरला होता हे आठवत नसले, तरी सगळे घेतल्याने हरकत नाही. त्यांना जागा फार लागत नाही. आउटलुक एक्स्प्रेसमधील पत्रे लपविलेल्या फोल्डरमध्ये असतात, ती सहसा विसरली जातात. हिंगणघाटच्या बाजारपेठेतील जुन्या दुकानदारांनी टॅलीचे 'डेटा' फोल्डरही घ्यावे. जुन्या आवृत्तीचा हा डेटा नव्या टॅलीत थेट उघडत नाही, तो रूपांतरित करून घ्यावा लागतो.

विंडोज ९८ मध्ये पेन ड्राइव्ह लावून भागत नाही, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. त्यापेक्षा हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडणे सोयीचे. मात्र जुन्या डिस्कची जोडणी रुंद, चपट्या केबलची म्हणजे आयडीई प्रकारची असते आणि तिला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो. अडॅप्टर घेताना दुकानदाराला हे आवर्जून सांगावे. उतरवलेल्या फायली उघडण्यापूर्वी अँटिव्हायरसने तपासाव्यात. त्या काळचे पेन ड्राइव्हवरून पसरणारे व्हायरस अजूनही तेथे दडलेले असू शकतात.

रूपांतर करताना

फॉन्ट नव्या संगणकात टाकला, की जुना मजकूर वाचता येतो. त्याच वेळी त्याची पीडीएफ करावी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट फाईलसोबतच साठविता येतो. पुढे मजकूर शोधायचा किंवा दुरुस्त करायचा असेल, तर युनिकोड रूपांतर हवे. त्यासाठी मोफत साधने उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. ही अदलाबदल करताना रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे चुकतात. आडनावे व गावांची नावे तर एकेक करून तपासावीत. मूळ फाईल काढून टाकू नये.

प्रत कोठे ठेवावी

त्या काळी सायबर कॅफेत जाऊन ७०० एमबीच्या सीडीवर बॅकअप घेण्याची पद्धत होती. ऊन आणि उष्णता यांनी या सीडींवरील रासायनिक थर खराब होतो. घरात अशा सीडी असतील, तर त्या आधी उतरवून घ्याव्यात. जाणकारांचा दंडक तीन प्रतींचा आहे: दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, मग ती ऑनलाइन असो किंवा नागपूर-पुण्यातील मुलाकडे. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली १९९८ मध्ये चुकून पुसल्या गेल्या, तेव्हा पिक्सार कंपनीचा बॅकअपच नीट चालत नव्हता, असे आढळले. चित्रपट वाचला तो तांत्रिक दिग्दर्शिका गेलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीमुळे. प्रत घेतल्यावर तिच्यातील दहा-वीस फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जुना संच भंगारात देण्याची घाई करू नये. सर्व फायली उघडतात, मराठी अक्षरे नीट दिसतात, याची खात्री होईपर्यंत हार्ड डिस्क घरातच ठेवावी. नंतरही डिस्क काढून घेऊनच संच द्यावा, कारण 'डिलीट' केलेल्या फायली आणि बँकेची कागदपत्रे तिच्यातून परत मिळविता येतात.