टेफ्लॉनची वाटी

खुब्याचे दुखणे जीव किती नकोसा करते, हे घरात वयस्कर माणूस असलेल्यांना वेगळे सांगायला नको. सांधा बदलायचे ठरले की घरचे लोक डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘नव्यातला नवा कोणता?’ या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

जॉन चार्नली हे इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयातले शल्यचिकित्सक. मांडीच्या हाडाला पोलादी गोळा, कमरेच्या हाडात निसरडी वाटी आणि दोन्ही पक्के करायला अॅक्रेलिक सिमेंट, अशी त्यांची योजना. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडले. हो, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच! १९६१ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली होती. आनंद व्हावा असेच ते यश होते.

पण दोन-तीन वर्षांत वाट्या झिजू लागल्या. झिजेच्या कणांनी भोवतालचे मांस सुजे, हाड पोखरले जाई. सुमारे तीनशे रुग्ण होते. चार्नलींनी त्यांच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या.

१९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागाच्या दात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि नापसंती दाखवली. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेवन यांनी मात्र तो झिजेच्या यंत्रावर चढवला. तीन आठवड्यांतली त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाइतकीही नव्हती! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही नवी वाटी रुग्णाला बसवली गेली. चार्नलींनी दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली. पुढे कित्येक वर्षे त्यांनी हा सांधा बाजारात खुला होऊ दिला नाही. राइटिंग्टनला येऊन शिकलेल्यांनाच तो मिळे. मला वाटते, शोधाइतकेच हे थांबणे मोलाचे होते.

असे थांबणे पुढे राहिले नाही. तरुण रुग्णांत प्लास्टिक झिजते, मोठा गोळा सहसा निखळत नाही, म्हणून धातूवर धातू फिरणारे सांधे पुन्हा पुढे आले. तर्क चुकीचा नव्हता. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ सांधा २००३ पासून विकला जाऊ लागला. अमेरिकेत त्याच्या एका प्रकाराला, जुन्या सांध्यांसारखाच आहे म्हणून, माणसांवरील स्वतंत्र चाचणीविना मंजुरी मिळाली. धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरू लागले. धोका आधी दिसला तो ऑस्ट्रेलियात, कारण तिथे बसवलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद राष्ट्रीय वहीत होते. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोवर सुमारे ९३ हजार जणांना तो बसला होता. पाच वर्षांत आठांतल्या जवळपास एकाला पुन्हा टेबलावर जावे लागत होते.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. २०१८ मध्ये सरकारने ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांच्या भरपाईचे सूत्र ठरवले. पण यातले बहुसंख्य रुग्ण सापडतच नव्हते. कोणाला कोणता सांधा बसला, याचा कागद कुठे होता?

त्यामुळे ‘नवा कोणता’ विचारण्याऐवजी ‘हाच सांधा किती जणांत, किती वर्षे टिकला आहे’ असे विचारावे. आणि घरी जाताना सांध्याचे नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी मागून घ्यावी, रेशन कार्डाबरोबर ठेवावी.